बारीक गोळी

अंबाजोगाईत माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत एक गोष्ट बघत आलोय, झोपेची गोळी मागणारा माणूस कधीच सरळ येऊन मागत नाही. आधी डोकेदुखीची गोळी घेतो, मग ओआरएसचं पाकीट घेतो, शेजारचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतो आणि मग दुमडलेली चिठ्ठी तशीच पुढं सरकवतो. बायामाणसं तर नावच घेत नाहीत, "ती बारीक गोळी द्या" म्हणतात. बीपीची गोळीही बारीकच असते, थायरॉइडचीही असते, पण बारीक गोळी म्हणलं की कोणती ते आम्हा दुकानदारांना बरोबर कळतं.

मी डी.फार्म झालेला माणूस. गोळी कुठल्या रॅकवर आहे, कुणाला चालत नाही, कशासोबत घ्यायची नाही, हे सगळं पाठ. पण ती आत जाऊन नेमकं काय करते याचा विचार स्वतःवर वेळ येईपर्यंत मी केला नव्हता, हे मान्य करावं लागेल.

तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधल्या आठवड्यात मी होलसेलवाल्याकडं माल बघायला लातूरला निघालतो. एसटीत खिडकीची जागा, बाहेर सोयाबीन मस्त हिरवंगार, डोक्यात काही म्हणजे काही टेन्शन नव्हतं. बर्दापूर मागं पडलं आणि अचानक छातीत धडधड सुरू झाली, घाम फुटला, श्वास पुरंना, दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या, ओठ बधिर, आणि मनात एकच, आता आपण गेलो. शेजारच्या मामांनी माझा चेहरा बघून कंडक्टरला हाक मारली. लातूरला पोचलो ते थेट दवाखान्यात. ईसीजी नॉर्मल, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन नॉर्मल, दुसऱ्या दिवशी टू-डी इको केला तोही नॉर्मल. गॅस असंल, टेन्शन घेऊ नका, म्हणून घरी पाठवलं. महिन्याभरात असं अजून तीनदा झालं, एकदा तर दुकानात काउंटरवरच.

त्या मिनिटांत शरीरात काय होतं ते आता मला नीट माहीत आहे. मेंदूत कानशिलांच्या आत खोलवर दोन्ही बाजूला बदामाच्या आकाराचा एक एक भाग असतो, अमिग्डला, ग्रीक भाषेत त्याचा अर्थच बदाम. धोका ओळखणं हे त्याचं काम. साप दिसला की "हा साप आहे" हा विचार पूर्ण व्हायच्या आत आपण उडी मारलेली असते, ती याच्यामुळं. तो हायपोथॅलॅमस नावाच्या मेंदूतल्याच दुसऱ्या भागाला खबर देतो, तिथून मज्जारज्जूमार्गे संदेश किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना जातो, अ‍ॅड्रिनलीन रक्तात येतं आणि काही सेकंदांत हृदय पळायला लागतं. पळायची किंवा लढायची तयारी. पण पळायचं कुठं, आपण तर एसटीत बसलेलो. श्वास जोरजोरात चालतो, त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, आणि बोटांना मुंग्या, ओठ बधिर, चक्कर हे सगळं बरंचसं त्यामुळं होतं. म्हणजे मला जे मरण वाटलं ते जिवंत ठेवायचंच यंत्र होतं, फक्त चुकीच्या वेळी सुरू झालेलं. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. हे त्या दिवशी कुणी पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर पुढचे तीन महिने वाचले असते असं मला अजून वाटतं.

त्या तीन महिन्यांत मी काय केलं? दुकान माझंच, हात पुरतो तिथं गोळी. अल्प्राझोलाम, तीच बारीक गोळी, पॉइंट दोन-पाच मिलिग्रॅमची. पहिल्या दिवशी घेतली आणि अर्ध्या-पाऊण तासात खांदे खाली आले, जबडा सैल झाला, मला वाटलं सापडलं औषध. खरंच इतका आराम वाटला होता की डोळ्यात पाणी आलं.

ही गोळी काय करते ते सांगतो. मेंदूत पेशींना चेतवणारी रसायनं असतात तशीच गप्प बसवणारीही असतात, त्यातलं मुख्य म्हणजे गाबा. पेशीच्या भिंतीवर गाबासाठी एक दार असतं, पाच तुकडे गोल जुळवून बनलेलं, मधोमध भोक. गाबा येऊन बसला की दार उघडतं आणि क्लोराइड आत शिरतं, क्लोराइड म्हणजे आपल्या मिठातलंच. त्याचा भार ऋण, त्यामुळं पेशी आतून अजून ऋण होते आणि सहजासहजी पेटत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ही सगळी एकाच घराण्यातली, बेंझोडायझेपिन. ती स्वतः दार उघडत नाहीत. दाराच्या दोन तुकड्यांमधल्या खाचेत जाऊन बसतात आणि मग गाबाच्या त्याच धक्क्यानं दार जास्त वेळा उघडतं. ब्रेक आपलाच, पायही आपलाच, गोळी फक्त तो जास्त लागेल असं करते. म्हणून गुण तासाभराच्या आत दिसतो.

याचा इतिहास मला फार धरून ठेवतो. लिओ स्टर्नबाख नावाचे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत रोश कंपनीत होते. तिथं १९५७ मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर चालू असताना आधी बनवून बाजूला पडलेला एक स्फटिक पदार्थ हाती आला, टाकून द्यायच्या ऐवजी तपासायला पाठवला, आणि त्यातून १९६० मध्ये या घराण्यातलं पहिलं औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, बाजारात आलं, १९६३ मध्ये डायझेपाम. आणि मेंदूत ती नेमकी कुठं जाऊन बसते ती जागा कधी सापडली, तर १९७७ मध्ये! सतरा वर्षं जगभरातली माणसं या घराण्यातली गोळी घेऊन झोपत होती आणि ती आत कुठं जाते ते कुणाला माहीत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला राग नाही आला, उलट जरा धीर आला, की गुण आधी येतो आणि समज मागून येते असं औषधांच्या जगातसुद्धा होतं.

पण तिसऱ्या महिन्यात पॉइंट दोन-पाचनं भागेना. पॉइंट पाच घ्यायला लागलो. सकाळी उठलं की आधीपेक्षा जास्त बेचैनी, कारण अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरतं, साधारण अकरा-बारा तासांत निम्मं संपतं, आणि उतरताना भीती परत वर येते. रोज बाहेरून ब्रेकला मदत मिळायला लागली की मेंदू आपला ब्रेक ढिला करत जातो, त्या दारांवर गोळीचा असर कमी व्हायला लागतो. म्हणून डोस वाढतो. आणि म्हणूनच ही गोळी बरेच दिवस घेतल्यावर एका झटक्यात बंद करायची नसते, झोप उडते, हात थरथरतात, फिटसुद्धा येऊ शकते. हे सगळं मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय आणि तरीही स्वतः त्यात अडकलो. बायकोच्या लक्षात आलं, ती म्हणाली, "अहो, तुम्ही दुसऱ्याच्या लेकरानं असं केलं असतं तर दिली असती का गोळी?" दुसऱ्याच दिवशी दोघं लातूरला गेलो, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं.

डॉक्टरांनी माझी अल्प्राझोलाम लगेच बंद केली नाही. एक दुसरी गोळी सुरू केली, एस्सिटॅलोप्रॅम, पाच मिलिग्रॅम, आठवड्यानं दहा, आणि म्हणले की तीन-चार आठवडे गुण दिसणार नाही, पहिल्या आठवड्यात तर उलट बेचैनी वाढंल, मळमळंल, तेव्हा मला फोन करा पण गोळी सोडू नका. मी ही गोळी हजारो स्ट्रिप विकली असंल. पण हे वाक्य मी एकाही गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याचंच मला आजही वाईट वाटतं.

गुण यायला इतका उशीर का, हे मला टाकीवरनं समजलं. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला पाण्याच्या टाकीचा हिशेब सांगावा लागत नाही. मेंदूच्या देठात सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी असतात, तिथून त्यांचे धागे मेंदूभर गेलेले. धाग्याच्या टोकाला सेरोटोनिन सुटतं, पुढच्या पेशीला निरोप देतं आणि काम झालं की सोडणारीच पेशी एका पंपानं ते परत ओढून घेते. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्या तो पंप अडवतात. सेरोटोनिन बाहेरच जास्त वेळ थांबतं. पंप तर पहिल्या दोन-चार डोसांतच अडतो, मग पहिल्याच दिवशी बरं वाटायला नको का? इथं फ्लोट आडवा येतो. टाकी भरत आली की फ्लोट वर येतो आणि पाणी बंद होतं, तसंच सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशीच्या अंगावरच एक तपासनीस असतो, आजूबाजूला सेरोटोनिन वाढलेलं दिसलं की तो पेशीला सांगतो बास, आता सोडू नको. म्हणजे गोळी पंप अडवते आणि फ्लोट नळच बंद करतो. रोज रोज तीच पातळी बघून बघून दोन-तीन आठवड्यांत फ्लोट सैल पडतो, पेशी परत पूर्ववत सोडायला लागते, पंप तर अडलेलाच, मग कुठं पुढं पुरेसं पाणी पोचतं. त्याच्यापुढंही काम असतं, पेशींमधली जोडणी हळूहळू बदलते, अमिग्डलाचं उसळणं कमी होतं. लोक सरसकट म्हणतात "सेरोटोनिन कमी झालंय", ते इतकं सरळ नाही, टाकी रिकामी असल्याचा पुरावा असा मिळालेला नाही. पण गोळीनं बऱ्याच जणांना गुण येतो हे खरं, आणि तो उशिरा येतो हेही खरं.

मळमळ का होते तेही सांगून टाकतो, शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन डोक्यात नसतंच, आतड्यात असतं. गोळीला डोकं आणि पोट वेगळं कळत नाही. म्हणून जेवणानंतर घ्यायची, आठवड्या-दोन आठवड्यांत पोट बहुतेक शांत होतं.

माझा चौथा दिवस सगळ्यात वाईट गेला. रात्री दोन वाजता अंगणात फेऱ्या मारत होतो, काखेत घाम, पोटात ढवळत होतं, आणि मनात पक्कं बसलं की ही गोळी आपल्याला सोसत नाही, सकाळी बंद. बायको बाहेर येऊन पायरीवर बसली, काही बोलली नाही, नुसती बसली. सकाळी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दहावर न्यायचं अजून आठवडाभर पुढं ढकललं, थोडे दिवस रात्रीची अल्प्राझोलाम चालू ठेवली. तिला त्यांनी "तोवरचा आधार" म्हणलं. असं जोडीनं वापरायचं असतं ते तेव्हा डोक्यात शिरलं, लवकर गुण देणारी थोडे दिवस हात धरायला, आणि खरं काम करणारी मागून येईपर्यंत. बरोबर एकविसावा दिवस असंल, दुपारी दुकानात बिलं करता करता लक्षात आलं की सकाळपासून आपण आपली नाडी एकदाही बघितली नाही.

आनंद वगैरे काही झाला नाही. भीती गेली असंही नाही. आवाज कमी झाला एवढंच, जसा शेजारचा डीजे बंद झाल्यावर आपण घरात काय बोलत होतो ते ऐकू यावं.

आणि मग डॉक्टरांकडच्या मॅडमनी, समुपदेशन करतात त्या, मला एसटीत बसवलं. आधी बर्दापूरपर्यंत जाऊन परत. मग पिंपळफाट्यापर्यंत. मग लातूर. धडधड झाली तर उतरायचं नाही, बसून राहायचं, ती आपोआप वर चढते आणि आपोआप उतरते ते बघायचं. अमिग्डला भीती विसरत नाही, ती जुनी पाटी पुसली जात नाही, पण कपाळामागचा मेंदू तिच्यावर नवी नोंद करू शकतो की इथं मागं बसलो होतो, काही झालं नाही. ही नोंद गोळी करत नाही, ती आपणच जाऊन करावी लागते. आणि बेंझोडायझेपिनच्या गुंगीत नवीन लक्षात ठेवणंच कच्चं होतं, म्हणून निव्वळ तिच्यावर वर्षं काढली तर भीती तिथंच राहते. मला हे समजलं आणि सासूबाईंची आठवण आली.

सासूबाई औसा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून उशिरा घरी आलेली गावं झोपलेली, पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीनं लादलेली माळवदं, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. सासूबाईंची थोरली जाऊ आणि तिचं लेकरू त्यात गेलं. त्या स्वतः अंगणात बाजेवर झोपलेल्या म्हणून वाचल्या. पुढं पत्र्याचं शेड झालं, पुनर्वसनाचं घर झालं, पण त्या घरात झोपल्या नाहीत, थंडीतसुद्धा ओसरीत, आणि रोज पहाटे पावणेचारला जाग. बारा वर्षांपूर्वी सासरे गेले आणि त्या आमच्याकडं आल्या. कुण्या डॉक्टरनं महिन्यासाठी म्हणून लिहून दिलेली अल्प्राझोलाम पॉइंट पाच सोबत होती. महिना संपला. "बापू, ती बारीक गोळी संपली बगा," त्या म्हणायच्या, आणि मी आणून द्यायचो. जुन्याच चिठ्ठीवर. १ मार्च २०१४ पासून ही गोळी एच-वन या सरकारी कडक यादीत आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, वेगळ्या रजिस्टरला पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं, तीन वर्षं ते रजिस्टर जपायचं. बाहेरच्या माणसाला मी एक गोळी अशी दिली नाही. घरच्या माणसाला दहा वर्षं दिली, माया म्हणून दिली.

दोन वर्षांपूर्वी रात्री बाथरूमला जाताना त्या पडल्या, मनगट मोडलं. वयस्कर माणसाला या गोळीनं तोल जातो, हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. प्लास्टर घालून आणल्यावर मी त्यांना माझ्याच डॉक्टरांकडं घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, किती वर्षांपासून चालू आहे, कुठून घेतात. मी सांगितलं. ते मला काही बोलले नाहीत, फक्त सासूबाईंकडं वळून म्हणले, "आजी, भूकंपाच्या रात्रीचं सांगता का?" आणि त्या पाऊण तास बोलल्या. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकलं. जावेच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांवरनं तिला ओळखलं, हे बायकोलाही माहीत नव्हतं.

त्यांना आधी सर्ट्रालिन सुरू केलं, एकदम कमी, पंचवीस मिलिग्रॅम. वयस्कर माणसात या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं म्हणून दोनदा रक्त तपासलं. दीड महिना थांबून मग अल्प्राझोलाम उतरवायला घेतली, पॉइंट पाचची पाऊण, महिना-दीड महिना तेवढीच, मग अर्धी, मग पाव. गोळीचे तुकडे मीच करायचो, ब्लेडनं, काचेवर. प्रत्येक उतरणीला तीन-चार रात्री त्या जाग्या राहायच्या आणि चिडायच्या, "आता म्हातारपणी कामून छळायलाव रं बापू." मी बाजूला खुर्ची टाकून बसायचो. बायको माझ्या चौथ्या रात्री बसली होती तसाच.

आता काउंटरवर मी एक करतो. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम अशा गोळीची चिठ्ठी नव्यानं आली की बाजूला घेऊन सांगतो, आठ-दहा दिवस बेकार जातील, तीन-चार आठवडे धरून ठेवा, जास्तच झालं तर डॉक्टरांना फोन करा, स्वतःच्या मनानं बंद करू नका, मनात काही वाईट यायला लागलं तर अजिबात वाट बघू नका, रात्रीबेरात्री १४४१६ ला सरकारी टेलिमानसचा फोन लागतो, पैसे लागत नाहीत. सवय लागते का हा प्रश्न हमखास येतोच. त्याचं उत्तर दोन गोळ्यांसाठी दोन वेगळं आहे आणि ते वेगळं सांगायलाच पाहिजे. बेंझोडायझेपिनची लागू शकते. सर्ट्रालिनच्या घराण्यातल्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावा वाटत नाही, पण एकदम सोडल्या तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, म्हणून त्याही हळूहळूच उतरवायच्या. मागच्या महिन्यात पोलीस भरतीची तयारी करणारं एक पोरगं सहाव्या दिवशी उरलेली स्ट्रिप परत द्यायला आलतं, "काका, ह्यानं जास्तच व्हायलंय." त्याला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, माझा चौथा दिवस सांगितला, त्याच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावून दिला. स्ट्रिप परत घेतली नाही. सतरा-अठरा दिवसांनी आलं, काही बोललं नाही, दोन स्ट्रिप मागितल्या, आवाज नेहमीचा होता.

सासूबाईंची पाव गोळी गेल्या दिवाळीच्या आत बंद झाली. रजिस्टरमध्ये त्यांचं नाव शेवटचं सप्टेंबरातलं आहे, चिठ्ठी लावलेली आहे. जाग अजूनही येते, रोज नाही. परवा पहाटे मला तहान लागली म्हणून उठलो, घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झालेली. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं, डोक्यावर स्लॅब, पंखा एकवर, आणि त्या भिंतीकडं तोंड करून गाढ झोपल्या होत्या. मी माठातलं पाणी न घेताच परत फिरलो, पेल्याचा आवाज झाला असता.